धोतरातली धूळनागीण

लग्नानंतर कित्येक वर्षं माझे सासरे माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. भांडण नव्हतं. भांडायला तोंड उघडावं लागतं, आणि माझ्यासाठी ते उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मी त्यांना मामा म्हणतो. कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं त्यांचं गाव. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेलं घर; आता थोडी शेती, थोडी मेंढरं आणि दारात एक शेळी. मी बिडकीनकडचा, शेतीवाडीवाल्या घरातला, नोकरीमुळं शहरात हर्सूलला राहणारा. त्यांच्या मुलीशी मी नोंदणी करून लग्न केलं, त्यांना न विचारता. माझ्या घरच्यांनी भरपूर आदळआपट केली आणि काही महिन्यांत ते निवळले. मामांनी आदळआपट केलीच नाही, त्यामुळं निवळायची सोयही राहिली नाही.

त्यांच्याकडं गेलो की सगळा व्यवहार बायकोमार्फत चालायचा. मी हातभर अंतरावर बसलेला असायचो आणि मामा तिला म्हणायचे, चहा घेतेत का इचार. ती माझ्याकडं वळून विचारायची, चहा घेता का. मी म्हणायचो, घेतो की. ती पुन्हा मामांकडं वळायची आणि सांगायची, घेतेत. तोवर चहा उकळून काळा झालेला असायचा. बायको आत असली की हे काम शेळीकडं यायचं. शहरात पाऊस हाय का नाय कुणास ठाऊक, असं मामा शेळीची मान खाजवत म्हणायचे. मग मीही शेळीकडं बघून सांगायचो की हर्सूलचा तलाव यंदा बऱ्यापैकी भरलाय. शेळी कुणाचीच बाजू घेत नसे. ती शांतपणे रवंथ करायची आणि तिच्या अंगावरून आमच्या बातम्या इकडून तिकडं जायच्या.

मला यात गंमत वाटायची, आणि एखाद्या दिवशी अंगाचा तिळपापडही व्हायचा. बायकोला मात्र गंमत कधीच वाटली नाही. परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसायची आणि वेरूळ मागं पडेपर्यंत बोलायची नाही. एकदा तिनं सांगितलं, की तिला माहेराकडून साडी नको, चोळी नको, काही नको; आबांनी तुमच्याशी एकदा सरळ तोंडानं बोलावं, एवढं झालं की बास. मी म्हणालो, बोलतील. ती म्हणाली, कधी, शेळी मेल्यावर का?

मग अधिक महिना आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करून जेवू घालायचं, नवे कपडे द्यायचे, आणि सासू-सासऱ्यांनी जावयाचे पाय धुवायचे, कारण त्या महिन्यापुरता जावई हा नारायण असतो. मागचा अधिक महिना मामांनी मेंढरांचं निमित्त करून घाटात घालवला होता. या खेपेला मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घरात जाहीर करून टाकलं की जावई धोंड्याला उंबऱ्यात आल्याशिवाय आपण अन्नाचा कण खाणार नाही. मामांनी होकार दिला, तोही शेळीला.

आम्ही सकाळीच पोचलो. न्याहारीला भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. मामींचा ठेचा साधा नसतो. तो वाटताना शेजारच्या घरातली माणसंसुद्धा खोकतात. मामा समोर ओट्यावर बसून माझ्या ताटाकडं बघत होते. शहरातल्याला हे झेपायचं नाही, असं काहीतरी त्यांच्या मिशीखाली चाललंय असं मला दिसलं, किंवा मला तसं वाटलं. माझा स्वभाव असा की कुणी नुसतं बघितलं तरी मला आव्हान दिल्यासारखं होतं. मी ठेचा पुन्हा मागितला. मग आणखी एकदा मागितला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानांत शिट्टी. जीभ काही वेळ पेटली आणि मग तिच्याशी माझा काही संबंधच उरला नाही. मी चेहरा शांत ठेवून हात धुतले. मामा उठून मेंढरांकडं निघून गेले. मी जिंकलो की हरलो ते काही कळलं नाही.

मामींनी नवे कपडे काढले. सदरा, उपरणं आणि धोतर. धोतर मी जन्मात नेसलो नव्हतो. नेसवायला तात्या आले. तात्या हे मामांचे चुलत भाऊ, भिंतीला भिंत लागून राहणारे. गावात कुणाची गाय व्याली तरी त्यात त्यांचं मत असतं. त्यांनी मला गरागरा फिरवलं, कासोटा खोचला, पाठीवर थाप मारली आणि आता पळालात तरी सुटायचं नाय अशी हमी दिली. अंगणात पाट मांडला होता. शेजारी घंगाळात कोमट पाणी आणि साबणाची वडी. मामांना बोलावणं गेलं होतं. आतून पुरणाचा वास येत होता, आणि तेवढ्यात माझ्या कमरेला काहीतरी ढिलं होत असल्याची जाणीव झाली.

नारायणाचं धोतर भर अंगणात सुटणं बरं दिसलं नसतं. मी सहज फेरफटका मारतोय असं दाखवत घरामागं गेलो. तिथं पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, मोठा ढीग रचलेला होता. ढिगाच्या आडोशाला उभं राहून मी धोतर पूर्ण सोडलं आणि ते पुन्हा कसं नेसायचं याचा विचार करू लागलो. एक टोक हातात, एक दातात, आणि उरलेलं मातीत लोळत होतं.

पाऊस उघडला होता, ऊन लख्ख पडलं होतं. ढिगातून एक उंदीर सुटला आणि त्याच्यामागं साप. साप सरपटतो असं आपण म्हणतो, पण हा सरपटत नव्हता, हा चक्क पळत होता. उंदीर माझ्या दोन पायांमधून निघून गेला. सापाच्या वाटेत धोतर आलं आणि तो सरळ धोतरात शिरला. पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मी उडी मारली. खाली आलो तो बहुतेक त्याच्या शेपटीवर. पोटरीला बाभळीची फांदी लागावी तशी चुणचुण झाली. एकदा चावून त्याचं समाधान झालं नाही. चावला, सोडलं, परत चावला. मग धोतरातून डोकं बाहेर काढून त्यानं मान उचलली, जराशी चपटी केली, माझ्याकडं अतिशय नाराजीनं पाहिलं आणि ढिगात गडप झाला.

माझी आरोळी ऐकून धावत आलेल्या मामींनी नेमकी ती उचललेली मान बघितली. नाग, नाग, असं त्या ओरडल्या. आणि मग जावई नव्या सदऱ्यात आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत उभा आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि पाठ फिरवली. पुढचा सगळा आकांत त्यांनी पाठमोराच केला.

तो नाग नव्हता, हे मला बऱ्यापैकी ठाऊक होतं. हर्सूलला आमच्या घराच्या जिन्याखाली असाच एक निघाला होता. तेव्हा साप पकडणाऱ्या एका बाईंना बोलावलं, आणि त्यांनी तो पिशवीत घालता घालता सगळ्या गल्लीला माहिती दिली. ही धूळनागीण. नावात नागीण आहे, पण तोंडात विष नाही. पिल्लाच्या अंगावर पट्टे असतात, मोठेपणी ते जातात आणि नुसता मातीचा रंग उरतो. दिवसाढवळ्या हिंडते, उंदरांमागं सुसाट पळते, अडवली तर नागासारखी मान उचलून भीती घालते, आणि धरायला गेलात तर चावायला मागंपुढं बघत नाही. हे सांगताना ती त्यांना चावतच होती. जाताना त्यांनी बजावलं होतं की कोणता साप चावला ते तुम्ही घरी बसून ठरवायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. माझ्या पोटरीवर दोन खोल टोचे नव्हते, बारीक ओरखड्यांची ओळ होती आणि त्यातून थोडं रक्त येत होतं. म्हणजे मला शंभरातले नव्वद हिस्से खात्री होती. पण उरलेल्या दहा हिश्श्यांनी माझी बोबडी वळवली होती.

मी सगळ्यांना सांगितलं की ही धूळनागीण आहे. त्यातलं धूळ कुणी मनावर घेतलं नाही. मला धरून अंगणात आणलं, पाय धुण्यासाठी मांडलेल्या पाटावरच बसवलं आणि उपरण्यानं झाकलं. तात्यांनी सुंभ मागवला, पाय आवळून बांधायला. मी बांधू देईना. बांधायचं नाही, कापायचं नाही, हेही त्या बाईंनीच सांगितलं होतं. तात्या म्हणाले, मंग निंब आणा.

आमच्या भागात साप चावलेल्या माणसाला कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड किंवा बेचव लागला तर विष भिनलं. ही परीक्षा कुणी काढली देव जाणे. तिच्यामुळं दवाखान्यात पोचायला उशीर होतो, एवढंच तिच्याकडून आजवर झालंय. पण सगळं अंगण माझ्या तोंडाकडं डोळे लावून बसलं होतं, बायको हातातलं पुरणाचं उलथनं तसंच धरून उभी होती, आणि आता हा पाला एकदाचा चावून मोकळं व्हावं असं मला वाटलं. मी मूठभर पाला तोंडात टाकला. चावला. काहीच लागलं नाही. कागद चघळल्यासारखं झालं. भीतीनं माणूस खोटं बोलतो म्हणतात; मी भीतीनं खरं बोललो.

"नाही लागत कडू," मी म्हणालो.

बायको मटकन खाली बसली. मामींनी पाठमोराच हंबरडा फोडला. मी घाईघाईनं सांगायला लागलो की ते ठेच्यामुळं आहे, सकाळी मी ठेचा जास्त खाल्ला, दोनदा मागून घेतला, कारण मामा बघत होते. तात्या बाकीच्यांना म्हणाले की आता बरळायला लागलेत. पण ठेच्याचं नाव निघाल्यामुळं त्यांना दुसरी परीक्षा आठवली. मिरची द्यायची, तिखट लागली नाही तर विष. ती त्यांनी माझ्या तोंडात जवळजवळ कोंबली. भाजलेल्या जिभेवर कोवळी लवंगी मिरची पडल्यावर मी पाटावरून उठलो आणि उपरण्यासकट अंगणभर नाचलो. निंबाच्या हिशेबानं विष होतं, मिरचीच्या हिशेबानं नव्हतं. तात्यांनी दोन्ही बाजू नीट तोलल्या आणि निकाल दिला की निम्मं चढलंय.

या गोंधळात मामा आले होते. कुणाशी न बोलता ते काठी घेऊन घरामागं गेले. बराच वेळ पऱ्हाट्यांची खसफस ऐकू येत होती. ते परत आल्यावर तात्यांनी विचारलं की कोणतं जनावर होतं. दिसला नाय, असं म्हणून मामांनी काठी भिंतीला टेकवली. मग ते माझ्यासमोर उकिडवे बसले, घंगाळातलं पाणी तांब्यानं माझ्या पोटरीवर ओतलं आणि साबण लावून जखम सावकाश धुतली. ते पाणी त्या दिवशी त्यांच्याच हातून माझ्या पायावर पडायचं होतं. तसं ते पडलं. धुऊन झाल्यावर हात धोतराला पुसले आणि जीप बोलवा, कन्नडला न्यायचं, असं त्यांनी तात्यांना सांगितलं.

जीपमध्ये बायको पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. मागच्या बाकांवर मी आणि समोर मामा. मामी धोंडे वाफेवर तसेच सोडून कशा येणार, असं कुणीतरी म्हणालं, आणि त्या रडत रडत धोंड्यांकडं गेल्या. तात्या आले नाहीत, पण जीपचं दार धरून त्यांनी शेवटचा हुकूम सोडला. पाव्हण्याला झोपू द्यायचं नाही. डोळा लागला की खेळ खलास. सारखं त्यांच्याशी बोलत राहा.

आता बोलणार कोण? बायकोला हुंदक्यांमुळं बोलता येत नव्हतं. ड्रायव्हर गावचा नव्हता, तो रस्त्याकडं बघत होता. आणि शेळी घरी राहिली होती.

जीप गावाबाहेर पडली. दोन्ही बाजूंना मका आणि अद्रक. पहाटे उठलेलो, पोटात ठेचा आणि भाकरी, वरून जीपचे हेलकावे. माझे डोळे आपोआप मिटले. समोरून गुडघ्यावर थाप पडली.

"मेंढरू हे लई येडं जनावर असतं," मामा म्हणाले.

मी डोळे उघडले. ते माझ्याकडंच बघत होते. इतक्या वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य, आणि ते मेंढरांबद्दल होतं की माझ्याबद्दल हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पुढच्या सीटवरचे हुंदके एकदम थांबले. मी जपून विचारलं की असं का म्हणता. मामा म्हणाले की एक मेंढरू खड्ड्यात उतरलं की बाकीची सगळी उतरतात, खड्डा कामून म्हणून कुणी विचारत नाही. एवढं बोलून ते गप्प झाले. मी डोळे उघडे ठेवून पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. ते काही आलं नाही. कन्नडचा रस्ता सरत होता. बायकोचा कान मागं लागलेला दिसत होता.

मी मुद्दाम डोळे मिटले. मामा लगेच बोलायला लागले. उघडले, की थांबले. मग मला त्यातली मेख कळली. मी पापण्या जड झाल्यासारख्या हळूहळू खाली आणायचो, मान एका बाजूला टाकायचो, आणि मामा घाबरल्यासारखे नवीन विषय काढायचे. लोकर आता कुणी फुकटसुद्धा नेत नाही. औंदा अद्रक सडायला लागली. तात्याला लहानपणी एडक्यानं विहिरीत ढकललं होतं, तव्हापासून तो असा हाय. मला हसू येत होतं आणि हसायची चोरी होती, कारण अर्धं विष चढलेला माणूस हसत नसतो. मध्येच मी ड्रायव्हरसमोरच्या आरशात स्वतःच्या पापण्या बघून घेतल्या. त्या ठणठणीत होत्या. उरलेल्या दहा हिश्श्यांतले पाच मी तिथंच सोडून दिले.

कन्नड जवळ आलं तसा मी हावरट झालो. डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. मामांनी हलवलं, पुन्हा हलवलं, मग माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात काथ्यासारखे खरबरीत होते. ते आता भराभर बोलत होते. ही पोरगी चालायला लागली ती कोकरांमागंच. एकदा वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, तिन्हीसांजेला सापडेना, सगळा माळ पालथा घातला, तर ही मेंढरांच्या मधोमध झोपलेली, आणि एक म्हातारी मेंढी तिच्याजवळ कुणाला येऊ देईना. त्यानंतर ते थांबले. मला वाटलं संपलं.

"लगीन केलं तुम्ही, त्याचा राग नाय," ते म्हणाले. "म्या तव्हा घाटात व्हतो, मेंढरं घेऊन. फोनवर कळलं. कुणाला सांगू? तिथं मेंढरांबिगर कोण व्हतं. येऊन इचारायचं व्हतं मला. नाय बी म्हणलो असतो. पण इचारायचं व्हतं."

मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर पाणी दिसलं असतं, आणि ते विषाचं आहे असं समजून त्यांनी जीप थांबवली असती. पुढच्या सीटवर बायकोनं पदराचा बोळा तोंडावर दाबला होता. त्या घटकेला साप, दवाखाना, पोटरी, सगळं मी विसरून गेलो होतो. हा रस्ता असाच हर्सूलपर्यंत जावा एवढंच वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टरबाई तरुण होत्या आणि त्यांना आमच्यासारखी माणसं रोज बघायची सवय दिसत होती. त्यांनी पोटरी बघितली, सूज चाचपली, किती वाजता चावला ते विचारलं, जीभ बाहेर काढायला लावली. जिभेकडं बघून त्या जरा थबकल्या. मी ठेचा एवढंच म्हणालो. गिळायला त्रास होतो का, एकाचे दोन दिसतात का, हे सगळं नाही-नाही होत गेलं. त्यांचा चेहरा सैल झाला. मग सहज म्हणून त्यांनी विचारलं की पापण्या जड झाल्या होत्या का.

"लई," मामा म्हणाले. "सारख्या मिटत व्हत्या. हलवून हलवून आणलंय."

डॉक्टरबाईंचा चेहरा पालटला. त्यांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, वर बघा, खाली बघा, असं करायला लावलं आणि नर्सला सलाइन लावायला सांगितलं. पापण्या पडत असतील तर साप विषारीच धरायचा असतो, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. विषावरचं औषधही साधं नसतं, त्याचाच कधी कधी त्रास होतो, पण थांबता येणार नाही. नर्सनं माझी बाही वर केली. आणि मग मामा आणि मी एकाच वेळी बोललो.

"मी मुद्दाम मिटत होतो."

"धूळनागीण व्हती, म्या पाह्यली."

नर्सचा हात तसाच राहिला. डॉक्टरबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग मामांकडं, आणि एकेकानं बोला म्हणाल्या. मी सांगितलं की मी डोळे मिटले की हे माझ्याशी बोलतात, एरवी बोलत नाहीत. दवाखान्यात हे सांगताना ते जेवढं मूर्खपणाचं वाटतं तेवढं मला जीपमध्ये वाटलं नव्हतं. मग मामांची पाळी आली. ढिगामागं गेल्यावर ती त्यांना स्पष्ट दिसली होती. जन्मभर माळावर हिंडलेला माणूस. असल्या धूळनागिणींनी त्यांना स्वतःलाही कैक वेळा चावून फोडलं होतं.

डॉक्टरबाईंनी विचारलं की ठाऊक होतं तर घरीच का नाही सांगितलं. मामांनी टोपी काढली आणि फरशीकडं बघत राहिले.

"सांगितलं असतं तर जीप आणावी लागली नसती," ते म्हणाले. "अन् जीप नसती तर बोलणं कुठनं काढलं असतं? लई वर्षं झाली, बाई. सुरू कुठनं करायचं तेच सापडंना."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. तुम्हा दोघांवरही माझा काडीचा विश्वास नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. साप ओळखतो म्हणणारे त्यांच्याकडं बरेच येतात आणि त्यातल्या काहींचं ओळखणं महागात पडतं. तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन आत्ता, आणि संध्याकाळपर्यंत हा माणूस या पलंगावरून हलायचा नाही. मामा व्हय व्हय करत राहिले. मीही व्हय म्हणालो. मला उगीचच फार हलकं वाटत होतं, आणि मामांच्या मिशीचं एक टोक थरथरत होतं. आम्ही दोघं आता एकदम हसणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात दारात बायको दिसली. पाण्याची बाटली घेऊन ती केव्हाची उभी होती, कोण जाणे. तिनं आवाज चढवला नाही.

"इतकी वर्षं मी मधी उभी राहून दोघांचं बोलणं वाहिलं," ती म्हणाली. "आज वाटलं, माझं कुंकू गेलं. अन् तुम्ही दोघं मजेत गप्पा मारत व्हता."

तिनं बाटली टेबलावर ठेवली आणि बाहेर गेली. दाराच्या फटीतून व्हरांड्यातलं बाक दिसत होतं. ती त्यावर बसली, पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. सकाळी रडली होती ते वेगळं होतं. हे रडणं तिनं कधीपासून साठवलं होतं ते मला ठाऊक होतं, परतीच्या प्रत्येक एसटीत मी तिच्या शेजारी बसलेलो होतो. माझं सगळं हसू जिरलं. आपण केवढे मोठे गाढव आहोत, असं वाटलं.

नर्सनं इंजेक्शन दिलं आणि गेली. मी पलंगावर, मामा स्टुलावर. बायकोकडं जायला दोघांनाही तोंड नव्हतं. मामा टोपीची कड चाचपत बसले होते. मला वाटलं ते उठतील. बाप आहेत, लहानपणापासून त्यांनीच तिची समजूत काढली असेल. माझ्यापेक्षा त्यांना ते चांगलं जमेल. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. ते दाराकडं बघत राहिले. मग ते एकदम माझ्यावर खेकसले.

"बायको रडतीय तुझी भाईर," ते म्हणाले, "अन् तू इथं कामून पडलास? जा की."

त्या घरात ती लेक होती, आबांची पोरगी होती, मेंढरांत झोपलेलं लेकरू होती. माझी बायको ती त्या घरात त्या दिवसापर्यंत कधीच नव्हती. मी मामांकडं बघितलं. त्यांनी मान दुसरीकडं वळवली आणि हातानं पुन्हा जा म्हणून खूण केली.

डॉक्टरबाईंचा हुकूम मोडून मी उठलो आणि उपरणं एका हातानं आवळून धरून व्हरांड्यात गेलो. ती माझ्याकडं बघायला तयार नव्हती. मी उभाच राहिलो. आबा काय ओरडले, असं तिनं भिंतीकडं बघत विचारलं. मी तिला सांगितलं ते काय म्हणाले ते, शब्द न शब्द. ती आणखीनच रडायला लागली, आणि मग बाकावर थोडी सरकून तिनं मला जागा करून दिली.